उतरताना सांगते

अक्का, आज मी वरच्या रानात जाऊन आले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. दारापासून खळ्यापर्यंत सतरा मिनिटं लागली, मोबाईलमध्ये बघितलं. तुमच्याबरोबर पाऊण तास लागायचा आणि मी वाटभर धुसफुसायची. आज सतराव्या मिनिटाला वर उभी राहिले, पदरानं तोंड पुसलं, आणि इतक्या लवकर पोचून करायचं काय, ते मला कळेना.

तेरावा होऊन आठ दिवस झाले. पाहुणे पांगले. तुमचा लेक सुरेश पुण्याला कामावर परत गेला, त्याला तरी किती दिवस खाडे परवडणार? आमचे हे टेम्पो घेऊन शिवऱ्याला गेलेत, ते आता शनिवारी येतील. माझी पोरं बाहेरगावी, फोनवरच भेटतात. घरात मी एकटी. काल तांदूळ निवडताना हाताला खडा लागला, तर "हे बघा अक्का, गिरणीवाल्यानं काय दिलंय" असं मोठ्यानं म्हणून गेले. मग खडा मुठीत धरून नुसतीच बसले. सव्वीस वर्षं एका चुलीवर राहिलेल्या जावा दाखवा म्हणावं कुणी, असं गाव म्हणायचं. त्या चुलीवरून आपण भांडलोही पुष्कळ. पण भांडायला समोर माणूस लागतं.

भेटायला आलेल्या प्रत्येक बाईनं तुमच्याबद्दल एकच सांगितलं. "लई बोलकी व्हती हो अक्का. वाटंत धरून गप्पा मारायची." मी मान डोलावत होते. खरं काय ते मला भोरच्या डॉक्टरीणबाईंनी तीन महिन्यांपूर्वी दाखवून दिलं होतं, पण आल्यागेल्याला ते काय सांगत बसायचं?

तुम्ही सारोळ्याच्या. नीरेच्या पुलाजवळची सपाट जमीन, मोठा रस्ता, दिवसभर ट्रकांची घरघर. तिथून लग्न होऊन पासलीच्या डोंगरात आलात तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "देशावरची पोर, हिला डोंगर पेलायचा न्हाई." तुम्हीच हसत सांगायचा हे. वर म्हणायचा, "आमच्या सारोळ्यात चढ म्हंजे नदीवरचा पूल. त्यो बी सरकारनं बांधलेला." मी पडले जन्माची डोंगरातली. सहा वर्षांनी धाकटी सून म्हणून आले, त्या दिवसापासून मला ठाऊक होतं की तुम्हाला चढाला दम लागतो. का लागतो तेही साऱ्या गावाला ठाऊक होतं. सपाटीची बाई, दुसरं काय. इतकं सोपं उत्तर हाताशी असल्यावर कोण कशाला दुसरं शोधायला जातंय?

आपल्या रानाची वाट दारातूनच चढायला लागते. निम्म्या चढावर विसाव्याचा धोंडा, छातीइतका उंच, माथ्याला सपाट. डोक्यावरचा भारा त्याच्यावर सरकवायचा, घटकाभर टेकायचं आणि कुणाच्या मदतीशिवाय परत डोक्यावर घ्यायचा. तिथं सगळेच थांबतात. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत तुम्हीही तेवढ्या एकाच ठिकाणी थांबायचा आणि एखादी गोष्ट काढायचा. काही वर्षांनी त्याच्या अलीकडं, उंबराखाली एक थांबा वाढला. मग वरच्या दगडी गडग्यापाशी. शेवटी शेवटी तर गोठा मागं पडतोय न पडतोय तोच तुम्हाला काहीतरी आठवायचं. "इंदे, थांब. तुला एक सांगायचं ऱ्हायलं."

आणि गोष्टी अशा की थांबावंच लागायचं. चुकीच्या एसटीत बसून सारोळ्यात उतरलेली आणि मग जन्मभर तिथंच राहिलेली एक नवरी. पुलावर अडून बसलेला बैल, आणि त्याच्यामागं दोन्ही बाजूंनी तुंबलेल्या गाड्या. उंबराखाली सुरू झालेली गोष्ट धोंड्यापाशी रंगात यायची, गडग्यापाशी ऐन मोक्यावर तुटायची. "ऱ्हायलेली उतरताना सांगते," म्हणायचा. दिवस कलताना आपण उतरायचो, मी पुढं, तुम्ही मागं, आणि गोष्ट आपली चालू. घर यायच्या आत ती संपलेली असायची. बहुतेक वेळा शेवट हसण्यासारखा असायचा.

मी आशा सेविकेचं काम धरलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तुम्हाला झाला होता. सासूबाईंशी माझ्यासाठी भांडलात. "तिला लिवतावाचता येतं, ती काय निस्तं शेणच काढंल व्हय?" म्हणालात, आणि माझ्या वाटणीचं शेण दोन वर्षं तुम्ही काढलंत. हे मी कधी बोलून दाखवलं नाही. आज म्हणते, अक्का, माझ्या अंगावरच्या ह्या आशाच्या साडीला तुमचे हात लागलेत.

करोनाच्या दिवसांत मला बोटाला लावायचं ते यंत्र मिळालं. माणसाला बसवून आकडा बघायचा, सहा मिनिटं चालवायचं, परत आकडा बघायचा. बसल्या जागी सगळं ठीकच दिसतं, खरं काय ते चालल्यावर कळतं, असं आम्हाला शिकवलं होतं. मी देवळाच्या अंगणात साऱ्या गावाला चालवलं. "मला काय धाड भरलीय?" म्हणत अंगावर येणाऱ्या बाप्यांनाही चालवलं. आपलं घर शेवटी ठेवलं, घरचंच म्हणून. ते उरकलं वर खळ्यावर. तुम्ही डोक्यावर भाकऱ्यांची पाटी घेऊन चढून आला होता आणि येऊन चांगलं घटकाभर टेकला होता. आकडा आला सत्त्याण्णव. तुम्ही म्हणालात, "आता आणिक चालू व्हय?" मीच म्हणाले, अख्खं रान चढून आलेल्या बाईला आणखी काय चालवायचं! वहीत दोन्ही रकान्यांत सत्त्याण्णव लिहिलं आणि भाकरी खायला बसले. साऱ्या गावाची चाल मोजणारी मी. तुमची चाल रोज माझ्या डोळ्यांसमोर होती, दर साली एक थांबा वाढत होता, आणि तो मोजायला मला यंत्रसुद्धा लागणार नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं.

आपण शेवटचं चढलो ते भादव्यात, भात बेणायला, तण काढायला. त्या दिवशी मला दुपारच्या आत गावाची माहिती मोबाईलवर भरायची होती आणि नेटला रेंज फक्त वर रानात. तुम्ही धोंड्यापाशी थांबलात आणि पेटीची गोष्ट काढलीत. तुमच्या वडिलांचं, बापूंचं, पुलाजवळ चहाचं हाटेल. एक ट्रकवाला पत्र्याची पेटी ठेवून जातो. परतीच्या फेरीला नेतो म्हणतो, तो पुन्हा येतच नाही. बारा वर्षं पेटी हाटेलात. येणारीजाणारी माणसं तिच्यावर बसून चहा पितात. "मंग एक दिशी बापू म्हणला, आज उघडायचीच. समदी गोळा झाली. बापूनं दगुड घेतला नि कुलपावर…" आणि तुम्ही श्वास घ्यायला थांबलात. मला वाटलं, मुद्दाम ताणताय. मी म्हणाले, "अक्का, पाय उचला हो. तुमच्या गप्पांपायी माझं काम राहतं."

तुम्ही रागावला नाहीत. "तू व्हय पुढं. उतरताना सांगते."

मी पुढं झाले. माहिती भरून झाली, तरी तुमचा पत्ता नव्हता. बऱ्याच वेळानं बांधावर दिसलात, तेव्हा तुमचे ओठ निळसर झाले होते. मला दिसले होते ते, अक्का. मी मनात म्हणाले, वारं गार आहे. आणि बैठक होती म्हणून त्या दिवशी मी तुमच्या आधीच उतरले.

मग चार दिवसांनी तुम्ही आडव्या व्हायच्या बंद झालात. पाठ टेकली की छातीत दडपतं म्हणून कणगीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा. पायांवर सूज दिसली. तेव्हा कुठं मी तुम्हाला दोन गाड्या बदलून भोरला नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चढायला दम लागतो का?"

"न्हाई," तुम्ही म्हणालात.

मीही तुमची री ओढली. "छे हो, रोज रान चढतात. उलट वाटेत उभ्या राहून गप्पा मारतात."

बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. "गप्पा मारायला थांबतात, का थांबायला गप्पा मारतात?"

तुम्ही खिडकीकडं बघायला लागलात. चोरून गूळ खाताना सापडलेल्या पोरीसारखं तोंड झालं होतं तुमचं. मला उत्तर कळलं.

पुढचं सगळं त्या दिवशीच उलगडलं. एका नळीत तुम्हाला जोरात फुंकायला लावलं. तुम्ही फुंकलंत, बाई म्हणाल्या, फुप्फुसांना चुलीचा धूर थोडाफार लागलाय, पण हवा चांगली भरतात. मग काळजाची सोनोग्राफी केली. दोष तिथं निघाला. आतली एक झडप आखडून गेली होती. त्यांनी विचारलं, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? तुम्ही म्हणालात, व्हय, बिब्बे घातले व्हते. त्या तापानंच झडप धरली होती. म्हणजे पासलीचा डोंगर बघायच्या आधीपासून ते दुखणं तुमच्या छातीत होतं, आणि आम्ही सगळे सपाटीला नावं ठेवत होतो.

परतीच्या एसटीत मी तुम्हाला ते समजावून सांगायला गेले, तर तुम्हीच मला समजावलंत. "आगं, खाचराच्या बांधाचं तोंड बारीक झालं की काय व्हतं? पाणी थोडं आसंल तर जातंय बापडं. पाऊस वाढला की वरच्याच खाचरात तुंबतंय. बसलं की माझं पाणी थोडं. चढाय लागलं की वाढतंय नि फुप्फुसात तुंबतंय. येवढं तर हाय." डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून अर्धा तास सांगितलेलं तुम्ही चार वाक्यांत सांगितलंत. फुप्फुसं चांगली असून काय उपयोग, काळीज पुढं ढकलत नसेल तर? ही दोन एका जुवाची जोडी असतात हे मी प्रशिक्षणात ऐकलं होतं. तुम्ही ते अंगावर काढलं होतं.

मी चिडले. तुमच्यावर चिडणं सोपं होतं. म्हणाले, मला का सांगितलं नाहीत? मी आशा आहे, दारोदार विचारत फिरते, तुम्हालाही विचारलं होतं.

"वहीतलं इचारलं व्हतंस," तुम्ही म्हणालात. "नि सांगून काय? बोलत थांबलं की कुणी इचारत न्हाई. निस्तं थांबलं की समदी इचारत्यात. मंग म्हणत्यात, बाई खचली, बसवा घरात. मला न्हाई बसायचं घरात."

मी खिडकीची काच वर करून बाहेर तोंड काढलं आणि वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आल्यासारखं केलं. हे भांडण तिथंच राहिलं. मला अजून वाटतं तुमचं चुकलं. मला अजून वाटतं माझं जास्त चुकलं.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात फुग्यानं झडप मोकळी करायची, असं ठरलं. बाईंनी चढायला बंदी घातली. "उतरताना काळजाला तेवढे कष्ट नसतात, चढानं जीव जातो," असं बजावून सांगितलं. गोळ्यांनी सूज उतरली, तुम्ही हसायला लागलात, आणि तिथंच घात झाला. तारीख मिळत होती दिवाळीच्या आधीची. तुम्ही म्हणालात, "भात झोडून व्हऊ दे. तुझ्या एकटीच्यानं व्हनार न्हाई." मी म्हणाले, भात गेलं खड्ड्यात. पण तुमच्यापुढं कुणाचं चाललंय? मार्गशीर्षातली तारीख घेतली.

त्या दिवसांत मी एकदा विचारलं, पेटीत काय निघालं ते तरी सांगा. तुम्ही अंगणात उन्हाला बसला होता. म्हणालात, "ती रानातली गोष्ट हाय. घरात न्हाई सांगत. झडप झाली की चढू, नि उतरताना सांगते." मला ते आवडलं होतं. वाटलं, मनात ठरवलंय म्हणजे बाई बरी होणार.

तारखेला नऊ दिवस उरले होते. मी वेल्ह्याला बैठकीला गेले होते. तुम्ही नव्या भाताच्या पोत्याला टेकून अंगणात सूप पाखडत बसला होता, असं शेजारणीनं फोनवर सांगितलं. सूप मांडीवरच होतं म्हणे. तुमच्याजवळ मी नव्हते. हे वाक्य मी रोज मनातल्या मनात म्हणून बघते आणि ते काही झिजत नाही.

रानाची आणि ओढ्याकाठच्या स्मशानाची वाट धोंड्यापर्यंत एकच. तिरडी धोंड्यापाशी खाली टेकवली, खांदे बदलायला. आपल्याकडं बायका तिथूनच मागं फिरतात. चार धडधाकट बाप्ये धापा टाकत उभे होते, कुणी कमरेवर हात ठेवून, कुणी गुडघ्यांवर. मी त्यांच्याकडं बघत होते, आणि मग तुमच्याकडं बघितलं. तुम्ही त्या धोंड्यापाशी थांबून काहीच बोलला नाहीत, असं पहिल्यांदाच झालं. त्यांनी परत खांद्यावर घेतलं. मी शेवटपर्यंत बघत उभी राहिले. त्या दिवशी पुढं तुम्ही गेलात, आणि मागं मी राहिले.

दहाव्याला तुमचे सारोळ्याचे भाऊ आले होते. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, त्या पेटीत काय निघालं होतं हो? त्यांना कळेचना. "कसली पेटी? बापूचं हाटेल कुठलं, वैनी? आमी शेतकरी मानसं. उन्हाळ्यात रस्त्याकडंला कलिंगडं इकायचो, त्येवढंच." मग डोळे पुसत हसले. "आक्काला लहानपनापासून थापा मारायची सवय."

अक्का, मला फार लागलं ते. नवरी खोटी, बैल खोटा, पेटी खोटी. तेव्हापासून एकच मनात घोळत होतं. सव्वीस वर्षं मला वाटत होतं, सासरी मला एक माणूस मिळालं, जे माझ्याशी बोलतं. आणि ते बोलणं म्हणजे नुसता दम खायची युक्ती निघाली. माझ्या जागी दुसरी कुणी असती, एखादी शेळी असती, तरी तुम्ही तिला थांबवून तेच सांगितलं असतं. मेलेल्या माणसावर रुसणं वेडेपणाचं आहे, मला समजतं. तरी मी रुसले होते.

कामाला मात्र लागले. आता मी बायकांना दम लागतो का, हे विचारत नाही. सगळ्या न्हाईच म्हणतात. परवा वरच्या आळीतल्या सुगंधाला विचारलं, पाण्याला जाताना कुठं कुठं टेकतेस? तिनं बोटं मोजली. हाताची पाचही बोटं मिटली, तेव्हा ती स्वतःच त्या मुठीकडं बघत राहिली. तिला सोमवारी भोरला घेऊन जाणार आहे.

तर आज मी सतरा मिनिटांत वर पोचले. पेंढा झाकला, विळा-दोरी घेतली आणि उतरायला लागले. गडगा गेला. धोंडा आला. उतारावर माझे पाय सवयीनं चालत होते आणि कान सवयीनं मागं लागले होते, कारण दिवस कलताना ह्या वाटेवर माझ्या पाठीमागं तुमचा आवाज असायचा. तिथं मी थांबले. दम लागला म्हणून नाही. उतारावर कुणाला दम लागतो?

तुम्हालाही लागत नव्हता, अक्का. उतरताना तुम्ही एकदासुद्धा थांबत नव्हता. धोंड्यापाशी नाही, उंबराखाली नाही. तेव्हा थांबायचं काही कारण नव्हतं, म्हणजे गोष्ट सांगायचंही कारण नव्हतं. चढतानाचं काम सकाळीच झालेलं असायचं. गप्प उतरला असता तर कुणी काही विचारणार नव्हतं. तरी रोज दिवस कलताना, दिवसभर वाकून कंबर मोडलेली असताना, राहिलेली गोष्ट तुम्ही पुरी करायचा, कारण पुढं चालणाऱ्या बाईला शेवट ऐकायचा असायचा. नसलेली नवरी आणि नसलेला बैल तुम्ही माझ्यासाठी घरापर्यंत आणून सोडायचा.

धोंड्यावर हात ठेवून मी मोठ्यानं म्हणाले, "मग बापूंनी कुलूप फोडलं. आत काय निघालं?" आणि पुढं चालायला लागले, हळू, मागच्या माणसाला गाठता येईल इतकी हळू. मागं वळून बघितलं नाही, गोष्ट ऐकताना मी कधीच वळत नव्हते. घरी पोचायला मला चाळीस मिनिटं लागली.